लेझरने काढलेली गाठ आणि उरलेला आवाज : पुण्यातील उपचारांविषयी एका वकिलाचा अभिप्राय

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात २७ वर्षे दिवाणी दावे चालवत असल्यामुळे 'लेझर' हा शब्द कानावर पडला की मला आधी आठवायचा तो आमचा हिरवा लेजर कागद, ज्यावर अर्ज आणि कैफियती टंकून घेतल्या जायच्या. गेल्या वर्षापासून माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे. माझ्या डाव्या स्वरतंतूवर कर्करोगाची सुरुवात झाली होती. पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात ती गाठ लेझर शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि त्यानंतर सात महिने मी एका स्वरोपचार केंद्रात आवाजाचे उपचार घेतले. हा अभिप्राय या दोन्ही सेवांविषयी आहे. रुग्णालयाबद्दलच्या माझ्या तक्रारी मी तेथे लेखी दिलेल्या आहेत, त्यामुळे त्याचे नाव येथे घेत नाही. तसेही वाचणाऱ्याला नावापेक्षा तेथे गेल्यावर काय विचारून घ्यायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

त्याआधीच्या दिवाळीपासून माझा घसा बसलेला होता. दुखत नव्हते, ताप नव्हता, गिळताना त्रास नव्हता. फक्त आवाज घोगरा झाला होता आणि दुपारनंतर तो पार खाली जात असे. न्यायालयातील धूळ, थंडी, दिवाळीतील तेलकट पदार्थ, अशी कारणे मी स्वतःच शोधून दिली आणि ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या असा सगळा घरगुती क्रम पार पाडला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा प्रतिजैविके आणि एकदा आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. न्यायालयाच्या आवारातील चहाच्या टपरीवर दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढण्याची माझी २५ वर्षांची सवय मी त्यांना मोघम शब्दांत सांगितली होती, हे कबूल करायला हवे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे, हा साधा नियम मला चार महिन्यांनी कळला.

मार्चमध्ये एकदाची दुर्बिणीतून तपासणी झाली. नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर जे दाखवले जाते ते रुग्णालाही दिसते, आणि स्वतःचे स्वरतंतू पाहण्याचा तो प्रकार अंगावर काटा आणणारा असतो. उजवा तंतू मोत्यासारखा पांढरा, गुळगुळीत. डाव्याच्या मध्यावर मात्र खरखरीत, दह्याची कवडी चिकटावी तसा एक चट्टा. डॉक्टरांनी "आ" म्हणायला सांगितले आणि स्ट्रोबोस्कोपीच्या लुकलुकत्या प्रकाशात उजवा तंतू लाटेसारखा हलताना दिसला, डावा मात्र चट्ट्याच्या जागी ताठ होता. भूल देऊन तुकडा काढला गेला, सीटी स्कॅन झाला आणि अहवाल आला : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आवरणाच्या चपट्या पेशींचा कर्करोग, अवस्था टी१ए, म्हणजे एकाच स्वरतंतूपुरता, तंतूची हालचाल शाबूत.

आपल्याकडे कर्करोग म्हटले की परळचे टाटा रुग्णालय आणि केमोथेरपी हे दोनच शब्द घरात फिरू लागतात. आमच्याकडेही तेच झाले. प्रत्यक्षात या अवस्थेत केमोथेरपीची गरज सहसा पडत नाही. खऱ्या स्वरतंतूंमध्ये लसीकावाहिन्या (शरीरातील लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) फार विरळ असल्यामुळे येथील कर्करोग मानेतील लसीकागाठींपर्यंत लवकर पोहोचत नाही, आणि आवाज लगेच बिघडत असल्यामुळे, रुग्णाने माझ्यासारखा वेळ काढला नाही तर, तो लवकर पकडलाही जातो. बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. उपचाराचे मार्ग दोन : तोंडावाटे लेझर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. रोग आटोक्यात येण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच. रेडिएशनला आठवड्यातून पाच दिवस असे साधारण सहा आठवडे जावे लागते आणि त्याच जागी ते पुन्हा देणे सहसा शक्य नसते. लेझर एका बैठकीत होते आणि रोग परतल्यास लेझर, रेडिएशन असे सगळे मार्ग हाताशी राहतात. डॉक्टरांनी हे सर्व नीट, न कंटाळता, कागदावर आकृती काढून सांगितले. गाठ तंतूच्या मध्यावर आहे, पुढच्या बाजूला दोन्ही तंतू जेथे जुळतात तेथे नाही, म्हणून लेझर सोयीचे. पुढच्या सांध्यावर असती तर दिसायला अवघड, काढायला अवघड आणि नंतर दोन्ही तंतू एकमेकांना चिकटण्याची भीती. या भागाला मी पूर्ण गुण देतो.

शस्त्रक्रिया एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठरवली, कारण मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते आणि तारखा मागून घेण्याची वेळ येत नाही. या शस्त्रक्रियेत गळ्यावर बाहेरून टाका पडत नाही. पूर्ण भूल दिल्यावर तोंडातून धातूची सरळ नळी स्वरयंत्रापर्यंत बसवतात, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहतात आणि त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण सोडतात. १९७२ मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग आणि जॅको यांनी स्वरयंत्रावरील या लेझरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, त्याला आता अर्धशतक उलटले. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेम धरण्यासाठी सोबत एक लाल ठिपका सोडावा लागतो. पाण्यात तो चटकन शोषला जातो आणि पेशींमध्ये मुख्यतः पाणीच असल्यामुळे तो खोलवर न जाता वरच्या वर कापत जातो, बारीक रक्तवाहिन्याही त्याच वेळी बंद करतो. प्राणवायू आणि लेझर एकत्र आले की श्वासनळीत आग लागण्याचा धोका असतो, हे भूलतज्ज्ञांनी मला आदल्या दिवशी सांगितले. त्यासाठी लेझरला दाद न देणारी नळी वापरतात, तिच्या फुग्यात हवेऐवजी निळा रंग मिसळलेले सलाइन भरतात, म्हणजे फुगा फुटलाच तर रंगावरून लगेच कळते, आणि रुग्णाच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवतात. इतक्या स्पष्टपणे धोका सांगणारा माणूस मला वकिलीतही क्वचित भेटला आहे.

युरोपियन लॅरिंगॉलॉजिकल सोसायटीने २००० मध्ये या शस्त्रक्रियेचे खोलीनुसार प्रकार ठरवून दिले. पहिल्या प्रकारात केवळ वरचे आवरण निघते, दुसऱ्यात त्याखालच्या बंधापर्यंत, तिसऱ्यात स्नायूचा काही भाग, चौथ्यात संपूर्ण तंतू आणि पाचव्यात त्याच्याही पलीकडचा भाग. माझी तिसऱ्या प्रकारची झाली. एका दिवसाने मला घरी सोडले. जबडा दुखत होता, जीभ दाबली गेल्यामुळे तिचे टोक तीन आठवडे बधिर होते, पण वेदना म्हणावी तर घसा धरल्यावर होते तितकीच. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याचा अहवाल आठ दिवसांनी हाती आला. शल्यविशारदांच्या हाताबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आवाजाबद्दल आहे, किंवा नेमके सांगायचे तर आवाजाबद्दल न बोललेल्या गोष्टींबद्दल. संमतिपत्राच्या चार पानांवर दात हलण्यापासून मृत्यूपर्यंत सर्व शक्यता छापलेल्या होत्या आणि आवाजाविषयी एकच वाक्य होते : "आवाजात बदल होऊ शकतो." आयुष्यभर दस्तऐवजांतील मोघम शब्दांवर भांडलेल्या माणसाने या वाक्याखाली सही केली, यात माझाही दोष आहे. बदल म्हणजे कोणता, किती, कायमचा की तात्पुरता, यावर मी प्रश्न केला तेव्हा "आधी रोग जाऊ द्या, आवाजाचे नंतर पाहू" असे उत्तर मिळाले. क्रम म्हणून ते बरोबरच आहे. परंतु ज्याचे पोट आवाजावर आहे त्याला हे आधी समजले पाहिजे की तंतूची जितकी जाडी निघते तितकी फट दोन तंतूंमध्ये राहते, त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज पोकळ, हवेसारखा होतो. तिसऱ्या प्रकारानंतर तो बहुतेक पूर्वीसारखा होत नाही. शस्त्रक्रियेआधी माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण कोणीही केले नाही. त्यामुळे पुढे स्वरोपचार केंद्रात "पूर्वीचा आवाज कसा होता?" असे विचारले गेले तेव्हा मला भाचीच्या लग्नातील चित्रफीत शोधावी लागली, ज्यात मी सनईच्या आवाजावर ओरडून जेवणाच्या पंगती बसवत होतो. तुलनेसाठी हा पुरावा अगदीच कमकुवत होता.

घरी पाठवतानाचा गोंधळ त्याहून मोठा. डिस्चार्ज कार्डावर "व्हॉइस रेस्ट" एवढेच लिहिलेले, मुदत नाही. निवासी डॉक्टर म्हणाले तीन दिवस, परिचारिका म्हणाल्या १५ दिवस, आणि औषधे आणून देणाऱ्या मावशींनी "दादा, कुजबुजत बोला, त्याने काही होत नाही" असा सल्ला दिला. मी तिन्ही ऐकले आणि कुजबुजत राहिलो. नंतर कळले की जोर लावून कुजबुजताना घसा उलट अधिक आवळला जातो; त्यापेक्षा लिहून दाखवावे किंवा थोडे, हळू, पण साध्या आवाजात बोलावे. पत्नीने स्वयंपाकघराच्या दाराला मुलांची जुनी पाटी टांगली आणि मी आठवडाभर त्यावर लिहीत राहिलो. पहिल्या दिवशी सर्वाधिक वेळा लिहिलेला शब्द "नको" हा होता.

बिलाबद्दल थोडक्यात. अंदाजपत्रकापेक्षा बिल ३८ हजारांनी वाढले, त्यात "लेझर वापर शुल्क" ही नोंद दोनदा होती. दाखवून दिल्यावर एक रद्द झाली, दिलगिरी मात्र कोणी व्यक्त केली नाही. विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत घरी सोडण्याच्या दिवशी सहा तास खुर्चीवर बसावे लागले. हे पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात घडते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

स्वरोपचार केंद्र मला रुग्णालयाने सुचवलेले नाही. बार रूममधील एका सहकाऱ्याची मुलगी वाक् आणि श्रवण उपचाराचे शिक्षण घेते, तिने सांगितले. डेक्कनच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एका खोलीच्या भिंतींना फोम चिकटवलेला, एक संगणक, एक मायक्रोफोन आणि खिडकीत पाण्याचे पेले. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत आणि पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण तास मला केवळ बोलू दिले. मग ३० प्रश्नांची व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स ही प्रश्नावली वाचून दाखवली : फोनवर लोक पुन्हा विचारतात का, गोंगाटात बोलणे टाळता का, आवाजाची लाज वाटते का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण १२० आणि जितके अधिक तितकी अडचण मोठी. माझे ७१ आले. त्यानंतर एका श्वासात "आ" किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजले. निरोगी पुरुषाला १५-२० सेकंद सहज जमते. माझे चार सेकंदांत संपले आणि पाचव्या सेकंदाला नुसती हवा आली. त्या क्षणी मला जे वाटले ते अहवाल वाचतानाही वाटले नव्हते.

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांना भिडतात. डावा तंतू अर्धा उरलेला असल्यामुळे ते भिडत नव्हते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मी नकळत खोटे स्वरतंतू (खऱ्या तंतूंच्या वरच्या घड्या), मान, जबडा, सगळे आवळून बोलत होतो. त्यामुळे आवाज पोकळ तर होताच, वर घासल्यासारखाही झाला होता आणि संध्याकाळी मान दुखत असे. मॅडमनी आधी ही आवळण्याची सवय सोडवली. अर्धा पेला पाण्यात नळी बुडवून तिच्यातून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे. व्यायाम पोरखेळ वाटतो. पण ओठांपाशी अडलेली हवा मागे दाब देते आणि तंतूंना कमी श्रमात हलता येते, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर मी तो न्यायालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनही केला. त्यानंतर ओठ मिटून "म्", मग "म"ने सुरू होणारे शब्द, मग वाक्ये. मोठा बदल झाला तो पुढे. माझ्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी दाखवले की मी स्वराने सुरू होणारे शब्द ठोका मारल्यासारखे उच्चारतो, आणि वकिलाच्या तोंडी असे शब्द फार : "ऑब्जेक्शन", "आक्षेप", "अर्जदार", "उत्तरवादी". त्या म्हणाल्या, "सर, 'ऑब्जेक्शन'ऐवजी 'माझी हरकत आहे' म्हणून बघा." ओठ मिटून सुरुवात होते, पुढचा "ह" हलका आहे, वाक्य आपोआप गळ्यातून सुटते. न्यायालयाच्या मराठीत हरकत हा शब्द पूर्वापार आहेच. मीच तो इंग्रजीच्या नादात सोडला होता.

जुलैमध्ये एकदा धसका बसला. नियमित तपासणीत डाव्या तंतूवर लालसर गाठ दिसली. जखम भरताना असा मांसांकुर येऊ शकतो आणि रोग परतला की काय हे केवळ पाहून नेहमी ठरवता येत नाही. डॉक्टरांनी घाईने कापाकापी न करता आम्लपित्ताची औषधे वाढवून सहा आठवडे थांबायचे ठरवले आणि ती गाठ विरली. हे सहा आठवडे व्यायाम बंद होते, आणि त्यांतल्या एकाही भेटीचे पैसे केंद्राने घेतले नाहीत, केवळ फोनवर विचारपूस केली. रुग्णालय आणि केंद्र यांच्यात मात्र एका ओळीचाही पत्रव्यवहार नाही. चित्रफिती पेन ड्राइव्हवर घेऊन इकडून तिकडे नेणारा बेलिफ मीच होतो.

गणेशोत्सवात बोलूच नका, असे मॅडमनी बजावले होते. भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो आणि ढोल-ताशासमोर लक्ष्मी रस्त्यावर ही चूक न होणे अशक्य. मी विसर्जनाच्या दिवशी घरीच बसलो, जन्मात पहिल्यांदा. मंडईत घासाघीस करणे बंद झाले आहे, स्वारगेटला रिक्षावाल्याला पत्ता मोबाइलवर लिहून दाखवतो.

नोव्हेंबरमध्ये मोजले तेव्हा "आ" १२ सेकंद टिकला आणि प्रश्नावलीचे गुण ३४ वर आले. आवाज समजतो, पण त्यात हवा आहे, वजन नाही. रागावता येत नाही. फोनवर अनोळखी माणूस विचारतो, "झोपेतून उठवलं का?" न्यायालयात मी आता कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक वापरतो, जो शिक्षक मंडळी वर्गात वापरतात, आणि त्यासाठी पहिल्या दिवशी न्यायाधीशांची तोंडी परवानगी घेतली. पुकारा झाल्यावर दारातून "हजर आहे" म्हणणे कनिष्ठ सहकाऱ्याकडे सोपवले आहे. हळू आवाजामुळे माझी उलटतपासणी अधिक धारदार झाली, असे दोन मित्र म्हणतात. ते समाधान करण्यासाठी म्हणतात, हे मला कळते. साक्षीदार टाळाटाळ करू लागला की पूर्वी मी आवाज चढवून त्याला अडवत असे, ते हत्यार गेले. अजून फट फार जाणवली तर तंतूत चरबी किंवा अन्य द्रव्य भरण्याचा किंवा बाहेरून छोटी पट्टी बसवून तंतू मध्यभागी ढकलण्याचा मार्ग आहे. त्यापैकी ढकलण्याची शस्त्रक्रिया जपानच्या इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडली. रोग परतत नाही याची खात्री पटण्यासाठी काही काळ जाऊ द्यावा लागतो, म्हणून माझा निर्णय लांबणीवर आहे.

गुण द्यायचे तर शस्त्रक्रियेला पाचपैकी पाच, रुग्णालयाच्या एकूण सेवेला अडीच, स्वरोपचार केंद्राला साडेचार. केंद्राचा अर्धा गुण कापला कारण वेळ दिलेली असूनही अर्धा तास थांबावे लागते आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. एका भेटीचे ८०० रुपये होतात आणि माझ्या विमा कंपनीने त्यातील एक रुपयाही दिला नाही. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी स्वरोपचारतज्ज्ञाला एकदा भेटावे, शांत खोलीत मोबाइलवर पाच मिनिटे नेहमीच्या आवाजात वाचून ते ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, किती खोलवर कापावे लागेल आणि त्या खोलीनंतर आवाज कसा राहतो हे थेट विचारावे, आणि विश्रांतीचे दिवस डिस्चार्ज कार्डावर आकड्यात लिहून घ्यावेत. सिगारेट सोडण्याबद्दल मी बोलणे शोभत नाही, पण शस्त्रक्रियेनंतरही ओढणाऱ्यांमध्ये रोग परतण्याचा धोका वाढतो, हे दोन्हीकडे मला बजावून सांगितले गेले.

आणि केंद्राची लिफ्ट सध्या बंद आहे. दोन जिने चढून गेल्यावर लगेच "आ" मोजू देऊ नये. पाच मिनिटे बसून घ्यावे, नाहीतर दोन सेकंद हकनाक कमी भरतात.